पट्टा घरी नेणारा मुलगा : १८७१ साली ‘ओपन’ का झाली नाही?

१/२६
१८७१ साली जगातील सर्वांत जुनी गोल्फ अजिंक्यपद स्पर्धा झालीच नाही. त्या वर्षी स्कॉटलंडमध्ये युद्ध नव्हते. मैदान जागच्या जागी होते आणि खेळाडूही तयार होते. नव्हते ते फक्त बक्षीस. आदल्या वर्षी एकोणीस वर्षांच्या एका मुलाने ते नियमाप्रमाणे, कायमचे जिंकून घरी नेले होते. हा धागा त्या मुलाविषयी, त्याच्या वडिलांविषयी आणि आज ‘द ओपन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धेच्या पहिल्या पंधरा वर्षांविषयी आहे.

२/२६
गोल्फ ठाऊक नसला तरी हरकत नाही. चेंडू काठीने मारत दूरवरच्या एका लहानशा खळगीत घालायचा. या प्रत्येक टप्प्याला ‘होल’ म्हणतात. जो सर्वांत कमी फटक्यांत सगळे होल पुरे करतो, तो जिंकतो. आज बहुतेक मैदानांवर अठरा होल असतात. या कथेतील मैदानावर बारा होते. एवढे लक्षात ठेवले तरी पुढचे सारे आकडे समजतील.

३/२६
कथेची सुरुवात माणसांपासून नव्हे, जमिनीपासून होते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्राची वाळू आणि आतली शेतजमीन यांच्यामध्ये एक उंचसखल पट्टा असतो. कोकणात जिला पुळण म्हणतात तिच्या मागे वाळूच्या टेकड्या उठाव्यात आणि त्यांवर आखूड, चिवट गवत माजावे, तशी ही भूमी. तिला ‘लिंक्स’ म्हणतात. वाळूमुळे पाणी साचत नाही आणि खाऱ्या वाऱ्यामुळे झाड तग धरत नाही. गवत खुडण्याचे काम ससे आणि मेंढ्या करतात. गोल्फचे पहिले मैदान कोणी आखले नाही. ते वाऱ्याने आणि जनावरांनी घडवले.

४/२६
या जमिनीत पीक येत नव्हते, म्हणूनच ती बऱ्याच ठिकाणी गावाच्या सामायिक वापरात राहिली. १४५७ साली स्कॉटलंडच्या संसदेने फुटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांवर बंदी घातली, कारण त्यांच्या नादाने लोक धनुर्विद्येचा सराव टाळत. राजाला तिरंदाज हवे होते. बंदी पुन्हा पुन्हा घालावी लागली. ती किती पाळली गेली हे त्यावरूनच कळते. पुढे १५५२ साली सेंट अँड्र्यूजच्या आर्चबिशपने दिलेल्या सनदेत, लिंक्सवर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क लेखी मान्य झाला. निरुपयोगी जमीन सर्वांची राहिली, आणि गरिबांच्या मुलांनाही खेळता आले.

५/२६
मात्र जमीन सामायिक असली तरी खेळातला मान सामायिक नव्हता. १७५४ साली सेंट अँड्र्यूजमध्ये बावीस सरदार-सधनांनी आपली मंडळी स्थापन केली. पुढे राजाच्या कृपेने तिला ‘रॉयल अँड एन्शंट’ हे नाव मिळाले. क्लबचे सभासद हे ‘जंटलमन’. त्यांच्या मागून काठ्यांचे ओझे वाहणारे ‘कॅडी’, चेंडू आणि काठ्या बनवणारे कारागीर, मैदान राखणारे मजूर हे दुसऱ्या बाजूला. सर्वांत चांगला खेळ बहुधा या दुसऱ्या बाजूचाच असे. जंटलमन त्यांच्यावर पैजा लावत. जिंकल्यास त्यांतला वाटा खेळणाऱ्याच्या हाती पडे. राजाश्रयावर पोसलेल्या मल्लाची जी स्थिती, साधारण तीच यांची.

६/२६
थॉमस मॉरिस हा याच दुसऱ्या बाजूचा. जन्म १८२१, सेंट अँड्र्यूज. चौदाव्या वर्षी तो ॲलन रॉबर्टसन या नामांकित कारागिराकडे उमेदवारीला लागला. त्या काळचा चेंडू म्हणजे चामड्याची लहान पिशवी. तीत हंसाची उकडलेली पिसे ठासून भरायची आणि शिवण घालायची. एका चेंडूसाठी टोपीभर पिसे लागत. कुशल कारागिराच्या हातून दिवसाला मोजकेच चेंडू होत, म्हणून ते महाग पडत आणि पावसात भिजून फुटत. रॉबर्टसन हा त्या काळचा सर्वोत्तम खेळाडूही मानला जाई. मॉरिस त्याचा शिष्य, मदतनीस आणि जोडीदार होता.

७/२६
१८४८च्या सुमारास मलायातील एका झाडाच्या चिकापासून बनवलेला ‘गटापर्चा’चा चेंडू आला. सेंट अँड्र्यूजमध्ये परंपरेने असे सांगतात की, पूर्वेकडून आलेली विष्णूची मूर्ती या पदार्थाच्या तुकड्यांत गुंडाळलेली होती, आणि त्या तुकड्यांतूनच एका विद्यार्थ्याला चेंडूची कल्पना सुचली. दंतकथा बाजूला ठेवली तरी परिणाम खरा होता. नवा चेंडू स्वस्त होता आणि ठेचला गेला तर गरम करून पुन्हा वळता येई. रॉबर्टसनला त्यात आपल्या धंद्याचा अंत दिसला. मॉरिस त्या चेंडूने खेळताना त्याच्या दृष्टीस पडला, आणि गुरुशिष्यांचे बिनसले.

८/२६
१८५१ साली मॉरिसने गाव सोडले. पश्चिम किनाऱ्यावरील प्रेस्टविक येथे नवा क्लब निघाला होता. तिथे कर्नल जेम्स फेअर्ली या आश्रयदात्याने त्याला मैदानराख्या म्हणून नेले. मॉरिस आणि त्याची पत्नी नॅन्सी यांनी आदल्याच वर्षी चार वर्षांचा मुलगा गमावला होता; त्याचे नाव टॉम. १८५१च्या एप्रिलमध्ये दुसरा मुलगा झाला, त्यालाही तेच नाव दिले. बाप ‘ओल्ड टॉम’ आणि लेक ‘यंग टॉम’ किंवा ‘टॉमी’, हे पुढच्या जगाने ठेवलेले भेद. प्रेस्टविकच्या चिंचोळ्या, टेकाडांनी भरलेल्या वाळूत ओल्ड टॉमने बारा होल बसवले.

९/२६
१८५८ साली ॲलन रॉबर्टसनने सेंट अँड्र्यूजचे अठरा होल ७९ फटक्यांत पुरे केले. त्या मैदानावर ऐंशीच्या आत येणारा तो पहिला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८५९ मध्ये, काविळीने त्याचा मृत्यू झाला. तो हयात असेपर्यंत ‘श्रेष्ठ कोण?’ हा प्रश्नच पडत नव्हता. आता तो पडला. सेंट अँड्र्यूजची माणसे एक नाव घेत, मसलबऱ्याची दुसरे, आणि प्रेस्टविकची तिसरे. पैजा लावणाऱ्यांना निकाल हवा होता.

१०/२६
निकालाची व्यवस्था प्रेस्टविक क्लबने केली. त्यामागे फेअर्ली होता आणि एग्लिंटनचा अर्लही होता. या अर्लला मध्ययुगीन थाटाचे भारी वेड. १८३९ साली त्याने आपल्या वाड्यावर चिलखती सरदारांच्या भालेझुंजी भरवल्या होत्या. मुसळधार पावसाने त्या सोहळ्याचा चिखल केला. तेव्हा गोल्फच्या विजेत्यासाठी ठरलेले बक्षीसही झुंजीत शोभावे असेच होते : तांबड्या मोरोक्को चामड्याचा, रुपेरी नक्षीच्या बकलाचा कंबरपट्टा. सभासदांनी वर्गणी काढून २५ पौंडांना तो घडवून घेतला.

११/२६
१७ ऑक्टोबर १८६० रोजी प्रेस्टविकला आठ व्यावसायिक खेळाडू जमले. बारा होलच्या तीन फेऱ्या, एकूण छत्तीस होल, सारे एकाच दिवसात. निमंत्रणे गेली होती ती क्लबांना : आपल्याकडचे ‘ज्ञात आणि आदरणीय’ कॅडी पाठवावेत. ‘आदरणीय’ हा शब्द तिथे सहज आला नव्हता. कॅडी मद्यपी आणि लबाड असतात, असा सभासदांचा समज होता. म्हणून खेळणाऱ्या प्रत्येक जोडीबरोबर फटके मोजायला एक जंटलमन देण्यात आला. जगातली पहिली खुली मानली जाणारी स्पर्धा अशा अविश्वासाच्या नजरेखाली सुरू झाली.

१२/२६
मसलबऱ्याचा विली पार्क १७४ फटक्यांत जिंकला. ओल्ड टॉम दोन फटक्यांनी मागे, दुसरा. जिंकल्याबद्दल रोख रक्कम काहीच नव्हती. पट्टा वर्षभर सांभाळायला मिळे, तोही तो सुखरूप परत येईल याची हमी दिल्यावर. पण नियमावलीत एक कलम होते : जो सलग तीन वर्षे जिंकेल, पट्टा कायमचा त्याचा. मुष्टियुद्धासारख्या इतर खेळांतून उचललेले हे कलम असे काही होईल या अपेक्षेने लिहिलेले नव्हते; ते शोभेपुरते होते. पुढचा सारा इतिहास या एका ओळीतून निघाला.

१३/२६
दुसऱ्या वर्षी स्पर्धा ‘साऱ्या जगाला खुली’ झाली, म्हणजे हौशी जंटलमनही उतरू शकत होते. उतरले तरी जिंकले नाहीत. १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ ही वर्षे ओल्ड टॉमची. १८६०, १८६३ आणि १८६६ विली पार्कची. १८६२ मध्ये ओल्ड टॉमने तेरा फटक्यांच्या फरकाने मिळवलेल्या विजयाएवढा मोठा विजय या स्पर्धेत पुन्हा कोणालाही साधलेला नाही. आणि १८६७ साली तो जिंकला तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होता. या स्पर्धेचा सर्वांत वयस्क विजेता आजही तोच आहे.

१४/२६
पण अजिंक्यवीर झाल्याने त्याच्या हातातली फावडी सुटली नाही. १८६४ मध्ये ‘रॉयल अँड एन्शंट’ने त्याला सेंट अँड्र्यूजला परत बोलावले, वर्षाला ५० पौंड पगारावर. काम हेच : वाळू पसरणे, गवत राखणे, होल पाडणे, बंकरांच्या कडा सावरणे. गावच्या ज्या लिंक्सवर कोळी जाळी वाळवत आणि बायका धुणे पसरत, तिथेच तो राबत असे. क्लबच्या दगडी इमारतीत सभासद म्हणून त्याला जागा नव्हती. ओल्ड टॉमला त्याचा राग नव्हता. प्रत्येकाची पायरी ठरलेली असते, असे मानणाऱ्या पिढीतला तो होता.

१५/२६
मुलगा तसा नव्हता, आणि त्याचे एक कारण बापानेच घडवले होते. प्रेस्टविकजवळच्या एअर अकॅडमीत त्याने टॉमीला शिकायला घातले. फी भरून शिकवणाऱ्या त्या शाळेत व्यापाऱ्यांची आणि सधनांची मुले असत. टॉमी त्यांच्या बाकांवर बसला, त्यांच्यासारखे लिहू-बोलू लागला. कॅडीचे काम त्याने पत्करले नाही. १८६४ साली पर्थ येथे, पोरवयातच, एका स्थानिक मुलाला हरवून त्याने पाच पौंड मिळवले. १८६७ साली कार्नूस्टीला सोळाव्या वर्षी त्याने विली पार्कसह सर्व प्रौढांना मागे टाकले.

१६/२६
१८६८ च्या सप्टेंबरात प्रेस्टविकला आदल्या वर्षीचा विजेता ओल्ड टॉम पट्टा राखायला उतरला. १५४ फटक्यांत जिंकला तो टॉमी. बाप दुसरा, तीन फटके मागे. टॉमीचे वय तेव्हा सतरा वर्षे आणि काही महिने होते. स्पर्धेचा सर्वांत लहान विजेता आजही तोच आहे. १८६७ आणि १८६८, लागोपाठच्या दोन वर्षांत सर्वांत वयस्क आणि सर्वांत लहान विजेता एकाच घरातून आले. दीडशेहून अधिक वर्षांत हे दोन्ही विक्रम कोणी मोडलेले नाहीत.

१७/२६
१८६९ मध्ये टॉमी पुन्हा जिंकला, आणि मोठ्या फरकाने. त्या दिवशी १६६ यार्डांच्या आठव्या होलला त्याचा पहिलाच फटका थेट खळगीत गेला. या स्पर्धेच्या इतिहासात नोंदलेला एका फटक्यातला हा पहिला होल. त्याच वर्षी सेंट अँड्र्यूजला त्याने ७७ फटक्यांची फेरी खेळली. रॉबर्टसनचा ७९ चा आकडा मागे पडला. आता पट्ट्याच्या नियमातली ती शोभेची ओळ सगळ्यांना आठवू लागली. आणखी एक विजय, आणि पट्टा मॉरिसांच्या घरी जाणार होता.

१८/२६
१५ सप्टेंबर १८७० ला स्पर्धा सुरू झाली. प्रेस्टविकचा पहिला होल ५७८ यार्डांचा, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून लांब. आजची हलकी धातूची काठी आणि आजचा चेंडू असूनही एवढ्या अंतराला पाच फटके हे प्रमाण धरतात. टॉमीच्या हाती लाकडी दांड्याची काठी आणि गटापर्चाचा चेंडू होता. त्याने तो होल तीन फटक्यांत पुरा केला. पहिली फेरी ४७, पुढच्या दोन ५१ आणि ५१, एकूण १४९. त्याच्या मागचे दोघे, बॉब कर्क आणि डेव्ही स्ट्रॅथ, बारा फटक्यांनी दूर होते. जोवर स्पर्धा छत्तीस होलची होती, तोवर या आकड्यापर्यंत कोणी पोहोचले नाही.

१९/२६
पट्टा टॉमीचा झाला. बापाचा वर्षाचा पगार ५० पौंड. पट्ट्याची किंमत त्याच्या निम्मी. पण प्रश्न पैशांचा नव्हता. जंटलमननी आपल्या आश्रितांपैकी श्रेष्ठ कोण हे ठरवण्यासाठी एक वस्तू घडवली होती. ती वस्तू क्लबची, स्पर्धा क्लबची, फटके मोजणाराही क्लबचा. आश्रितांनी ती वर्षभर कमरेला लावावी आणि परत आणून द्यावी, अशी ही रचना. मैदानराख्याच्या मुलाने त्यांचाच नियम अक्षरशः खरा केला. त्यानंतर देण्यासारखे त्यांच्याजवळ काही उरले नाही.

२०/२६
१८७१ च्या वसंतात प्रेस्टविक क्लबात चर्चा झाली. एक मत असे की, आपणच नवा पट्टा घडवावा आणि स्पर्धा आपल्याकडेच ठेवावी. दुसरे असे की, सेंट अँड्र्यूज आणि इतर क्लबांना सोबत घ्यावे आणि स्पर्धा फिरती करावी. दुसऱ्या मताचा जोर होता, पण क्लबांमधला पत्रव्यवहार संथ होता. सप्टेंबर आला आणि गेला. प्रेस्टविकच्या वाळूत त्या वर्षी अजिंक्यपदाची फेरी झाली नाही. पुढे दोन महायुद्धांनी आणि २०२० च्या साथीने ही स्पर्धा बंद पाडली. पण एका खेळाडूच्या यशामुळे ती थांबली ती फक्त १८७१ साली.

२१/२६
१८७२ मध्ये तोडगा निघाला. प्रेस्टविक, ‘रॉयल अँड एन्शंट’ आणि एडिंबऱ्याचे ‘ऑनरेबल कंपनी’ या तीन क्लबांनी प्रत्येकी दहा पौंड घालून चांदीचा एक पेला करवायचे ठरवले. क्लॅरेट नावाची तांबडी वाइन वाढण्याच्या सुरईसारखा त्याचा आकार, म्हणून तो ‘क्लॅरेट जग’. यजमानपद तिघांकडे आळीपाळीने जाणार होते. आणि या वेळी नियम बदलला : कितीही वेळा जिंका, जग कोणाचाही कायमचा होणार नाही. त्या वर्षी प्रेस्टविकला जिंकला पुन्हा टॉमीच, सलग चौथ्यांदा. जग घडून तयार नव्हता, म्हणून त्याला पदक मिळाले. जगावर कोरलेले पहिले नाव त्याचेच आहे. तो हाती मात्र प्रथम मिळाला १८७३च्या विजेत्याला, टॉम किडला.

२२/२६
टॉमीने आणखी एक गोष्ट बदलली. त्याच्या आधीचे खेळाडू जंटलमनच्या पैजेवर खेळत आणि ते देतील ते घेत. टॉमी आणि त्याचा मित्र-प्रतिस्पर्धी डेव्ही स्ट्रॅथ गावोगावी प्रदर्शनी सामने खेळत आणि आपल्या खेळाचा मोबदला आपण ठरवत. हजारो लोक त्यांचा खेळ पाहायला लोटत. नोव्हेंबर १८७४ मध्ये त्याने मार्गारेट ड्रिननशी लग्न केले. ती कोळसा खाणीत राबणाऱ्या घरची, मोलकरीण म्हणून काम केलेली आणि त्याच्याहून सुमारे दहा वर्षांनी मोठी. फी भरून शिकलेल्या मुलाने निवडलेली ही सोयरीक पायऱ्या मोजणाऱ्या समाजाला रुचणारी नव्हती.

२३/२६
४ सप्टेंबर १८७५. नॉर्थ बेरिक येथे मॉरिस बापलेक आणि पार्क बंधू, विली आणि मंगो, यांचा सामना होता. तो रंगात असतानाच सेंट अँड्र्यूजहून तार आली : मार्गारेटच्या प्रसूतीत अडचण आहे, तातडीने या. सामना मॉरिसांनी जिंकला आणि दोघे निघाले. फोर्थच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. तो १८९० मध्ये झाला. रेल्वेच्या वळशात वेळ गेला असता, म्हणून एका गृहस्थाने आपली नौका दिली. पण पाठोपाठ दुसरी तार आली होती. घर गाठण्याआधीच सारे संपले होते. मार्गारेट गेली होती, बाळही गेले होते. सहा दिवसांनी प्रेस्टविकला झालेल्या स्पर्धेत विली पार्क चौथ्यांदा जिंकला. मॉरिस बापलेक त्या वर्षी उतरले नाहीत.

२४/२६
त्या हिवाळ्यात टॉमी जवळजवळ मैदानापासून दूर होता. मित्रांच्या आग्रहाने त्याने एक शेवटचा मोठा सामना घेतला : आर्थर मोल्सवर्थ या इंग्लिश हौशी खेळाडूशी, सेंट अँड्र्यूजला, सहा दिवस, दररोज दोन फेऱ्या. थंडी कडाक्याची होती आणि मैदानावर बर्फ पडत होते. टॉमीने प्रतिस्पर्ध्याला प्रत्येक फेरीत सहा फटक्यांची सवलत दिली आणि तरीही जिंकला. २५ डिसेंबर १८७५ च्या सकाळी तो अंथरुणात मृत आढळला. वय चोवीस. मृत्यूचे कारण फुप्फुसातील रक्तस्राव होते. लोक म्हणाले, दुःखाने काळीज फुटले. त्यावर ओल्ड टॉम म्हणे की, दुःखाने माणूस मरत असता, तर मी तरी कसा उरलो असतो.

२५/२६
ओल्ड टॉम आणखी तेहेतीस वर्षे जगला. पत्नी आणि सगळी मुले त्याच्या डोळ्यांदेखत गेली. तो मैदाने राखत राहिला, नवी मैदाने आखत राहिला, आणि १८९० च्या दशकातही स्पर्धेत उतरला. १८७८ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या पडक्या कॅथेड्रलच्या आवारात टॉमीचे स्मारक उभे राहिले : डोक्यावर टोपी, चेंडूवर रोखलेली नजर, हातांत काठी. त्यासाठी साठ गोल्फ क्लबांनी वर्गणी दिली. ज्यांच्या इमारतीत तो सभासद म्हणून पाऊल टाकू शकला नसता, त्यांतलेही काही त्यात होते. मेल्यावर मान देणे सोपे असते, हे या स्मारकाबाबत खरे असले, तरी मसलबऱ्यापासून प्रेस्टविकपर्यंत सर्वांनी मिळून उभारलेले ते पहिले असे स्मारक होते, हेही खरे.

२६/२६
१९०८ साली ओल्ड टॉम गेला, आणि त्याच वर्षी त्याच्या नातवंडांनी टॉमीचा तांबडा पट्टा ‘रॉयल अँड एन्शंट’च्या स्वाधीन केला. मूळ क्लॅरेट जगही पुढे त्याच क्लबात येऊन विसावला. विजेत्याला वर्षभर सांभाळायला मिळते ती प्रतिकृती. दरवर्षी जुलै महिन्यात ही स्पर्धा ब्रिटन-आयर्लंडच्या एखाद्या लिंक्सवर होते, शेवटच्या दिवशी नवे नाव जगावर कोरले जाते, आणि वर्षभराने जग परत द्यावा लागतो. तो परत का द्यावा लागतो, याचे उत्तर त्यावर कोरलेल्या पहिल्या नावात आहे. पट्टा कायमचा नेता येईल असे लिहिणाऱ्यांना तसा कोणी येईल असे वाटले नव्हते. तो आला, आणि मैदान राखणाऱ्याच्या घरातून आला.